आत्तीच्या शेजारची जागा

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
८ जून २०२५

प्रिय रंजिता,

पत्र बघून तुला वाटेल, हिला काय झालं, फोन आहे की. पण फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं आणि मग विलास आणि महांतेश दोघा भावांना मध्ये पडावं लागतं. शिवाय आमच्या कंपनीनं ताणतणावासाठी ज्या समुपदेशक बाई नेमल्यात, त्या म्हणाल्या, ज्या माणसाशी बोलताना तुमचं डोकं तापतं त्याला हातानं पत्र लिहा. साहेबाला लिहिणं शक्य नाही, म्हणून जावेला लिहितेय. चेष्टा केली, रागावू नकोस.

आईंचा मोतीबिंदूचा डोळा उत्तम आहे. थेंब चालू आहेत. डॉक्टरांना अधूनमधून दाखवायचं आहे, म्हणून विलास म्हणतो, दिवाळीपर्यंत त्या इथेच राहू देत. तुला आवडणार नाही हे माहीत आहे. पण त्या माझ्याही सासूबाई आहेत, नुसत्या तुझ्या आत्या नाहीत.

आता खरं कारण. ऑफिसात मार्चपासून माणसं काढतायत. आमच्या टीममधली तीन गेली. रोज सकाळच्या कॉलआधी माझे हात कापतात. कॉफीवर कॉफी होते. उभ्या उभ्या फ्रिजमधलं श्रीखंड संपतं, मग ध्रुववर ओरडते आणि तो शाळेत गेला की रडते. फोनवर ध्यानाचं एक ॲप घेतलंय. त्यात एक माणूस इंग्रजीतून सांगतो की डोळ्यांपुढे नदी आणा. मला त्यालाच त्या नदीत ढकलावंसं वाटतं.

आणि तिकडे आई. सकाळी दात घासून झाले की स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला स्टूल ओढून, माझ्याकडे पाठ करून बसतात. तोंड गच्च मिटलेलं. मी काही विचारलं की नुसता हात वर करतात, थांब म्हणून. अर्धा तास शब्द नाही. मग खळखळून चूळ भरतात आणि बाहेर येतात तेव्हा चेहरा इतका शांत असतो की मला खरंच पोटात दुखतं. ऐंशीकडे झुकलेल्या, चौथी शिकलेल्या बाईला हे मौन, हे ध्यान जमतं आणि मला पैसे भरून जमत नाही.

मी विचारलं तर म्हणाल्या, "सवय हाय जुनी." पुढे काही सांगेनात. तुला मात्र नक्की शिकवलं असणार. तू त्यांना अगंतुगं करतेस, मी नऊ वर्षं अहोजाहो करतेय, हा फरक मला कळत नाही असं समजू नकोस. तर सांग, त्या काय करतात? श्वास मोजतात का नामस्मरण करतात?

शाल्मली

---

निपाणी
१२ जून २०२५

शाल्मली अक्कांना नमस्कार.

पत्र पोचलं. उत्तर गुंडूच्या बसनं पार्सलबरोबर पाठवतेय. गुंडू आमच्या गल्लीतला, रात्रीची बेंगळुरूची गाडी चालवतो, त्यामुळं पोस्टाची वाट बघायला नको. पार्सलात शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि आत्तीची दोन लुगडी आहेत. तुमच्या गाऊनमध्ये तिला अवघडल्यासारखं होत असेल.

आत्तीचं ते सकाळचं बसणं तरुणपणापासूनचं आहे. इथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती तेव्हापासून. मला तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवलं. आम्ही दोघी रोज परसातल्या पायरीवर बसतो. बसत होतो म्हणायला पाहिजे आता.

ते काही मोजून होत नाही आणि सांगूनही येत नाही. सगळ्यांना झेपत नाही, पहिल्यांदा तर चक्करच येते. तुम्ही नादी लागू नका, अक्का. तुमच्याकडं ॲप आहे, बाई आहेत, पगार आहे. आमच्याकडं तेवढंच एक होतं.

दिवाळीपर्यंत म्हणजे फार झालं. डोळ्यात थेंब मलाही घालता येतात.

रंजिता

---

निपाणी
१२ जून २०२५

आत्ती,

हे पत्र लुगड्याच्या घडीत ठेवलंय, अक्कांच्या हाती लागायचं नाही. चटणीच्या डब्याखाली पुडी आहे. परवाच तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, चाळून केलीय. तुझी मशेरी संपत आली असणार हे मला इथं बसून कळतं.

ऐक, तुझी थोरली सून काय लिहिते. म्हणते, आई रोज ध्यान करतात. वाचून मी इतकी हसले की मशिनवरचा ब्लाऊज सरकून बाही वाकडी शिवली गेली. पुण्याची एवढी शिकलेली बाई, तू बोट फिरवून तोंडात मशेरी धरून बसतेस आणि ती लांबून हात जोडते. मी काही खरं सांगितलं नाही. तू दहा वर्षांपूर्वी मशेरी सोडली म्हणून विलासदादापुढं शपथ घेतलीयस, ते मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू, तिला एक तरी गोष्ट माहीत नाही आणि मला माहीत आहे, याचं बरं वाटलं.

इथं करमत नाही. लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत, बायका दारात येऊन बसतात, ह्यांचं दुकान चालत नाही म्हणून ह्यांची चिडचिड. पूर्वी सकाळी तुझ्याबरोबर एकदा लावली की दिवस निघायचा. आता तू नाहीस. सकाळी लावते, दुपारी लावते, मशिनवर बसताना लावते, ह्यांचा आवाज चढला की परसात जाऊन लावते. डोकं तेवढ्यापुरतं हलकं होतं.

आणखी एक, तुलाच सांगते. डाव्या गालात आतून पांढरं आलंय. खरवडलं तरी जात नाही. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. ह्यांना बोलले नाही. तूही कुणाला बोलू नकोस, अक्कांना तर मुळीच नाही. ती लगेच मोठेपणा घेईल.

दिवाळीच्या आधी ये. तुला तिकडं आवडायला लागलं तर मी काय करू?

तुझी रंजी

---

बेंगळुरू
२० जून

चि. रंजीस आशीर्वाद.

डोळ्याला आता अक्षर दिसतंय म्हणून लिवते. फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाई आणि थोरली शेजारी हुबी असती. खालच्या मजल्यावरची कन्नड बाई बरी हाय, तिच्या हातनं पाकीट पोस्टात टाकते.

पुडी मिळाली, तांदळाच्या पिंपामागं ठिवली. पर हितं इपरीत झालंय. तू काय लिवलंस काय की, दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली युटिलिटीत आली, चटई टाकली आणि माझ्याशेजारी डोळं मिटून बसली. मी आताच बोट फिरवलेलं. थुकू कुठं? ती म्हणाली, "आई, तुम्ही चालू ठेवा, मी नुसती बसते." मी चालू काय ठेवू, माझं कपाळ? गिळलं तसंच. दिवसभर पोटात ढवळत हुतं.

मला वाटलं, एक दिवसाचं खूळ हाय. रोज येती. पर त्या पोरीचं हात बघितलं मी. नुसतं थरथरत्यात. त्या लॅपटॉपचं झाकण उघडायच्या आधी देवाला करावा तसा त्याला नमस्कार करती. तिला हाकलून द्यायला जीभ उचलंना.

आता तुझं. गालात पांढरं आलं म्हणून मला लिवलंस, डॉक्टरला दाखवलंस काय? वखारीतल्या बायकांचं मी काय काय बघितलंय ते तुला सांगितलं न्हाई कधी. दाखव. स्वल्प पन उशीर करू नको. आणि डबी बंद कर.

तानूबाई

---

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
२० जुलै २०२५

प्रिय रंजिता,

तू "झेपणार नाही" म्हणालीस, म्हणून मुद्दाम लिहितेय. झेपलं.

महिना झाला, मी रोज आईंच्या शेजारी बसते. सुरुवातीला पाठ दुखली, ऑफिसचे मेसेज डोळ्यांपुढे नाचले, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. मग एक दिवस मोजायचं राहून गेलं. काय करायचं ते मी आईंना विचारतच नाही. त्या गप्प असतात, मी गप्प असते. एवढंच आहे ते. तू उगाच फार गूढ करून सांगितलंस.

कॉफी दोनवर आलीय. संध्याकाळी आईंबरोबर तलावाला एक फेरी मारते. रस्त्यात भाजीवाली, वॉचमन, इस्त्रीवाला, सगळे त्यांना "अज्जी" म्हणून थांबवतात आणि त्या कन्नडमध्ये सगळ्यांच्या घरच्या चौकशा करतात. नऊ वर्षांत माझं कन्नड "सरी, सरी" म्हणजे "बरं, बरं"च्या पुढे गेलं नाही, त्यामुळे त्याचाही मला हेवा वाटतो. पण झोप लागते आता. ध्रुव परवा म्हणाला, "आई, तू हल्ली ओरडत नाहीस, बरी आहेस ना?"

एक सांगायचंच आहे. तिसऱ्या का चौथ्या दिवसापासून आई बसताना माझा हात धरतात. घट्ट धरतात, अगदी बोटं दुखेपर्यंत. कधी त्यांचा हात थरथरतो. कधी डोळ्यांत पाणी असतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. तुझ्याशी हे सगळं त्या रोज करत असतील, तेव्हा तुला काय त्याचं. मला फार आहे.

विलासशी बोलले. दिवाळीचं काही नाही, आईंना इथेच कायम ठेवून घेऊ म्हणाला. त्यांनाही इथं मानवलंय. मागच्या पार्सलातली चटणी त्यांना मिळमिळीत लागली. तू तिखट घालायचं सोडलंस का? आई म्हणाल्या, "रंजीच्या हातची ही चटणी न्हवं."

शाल्मली

---

निपाणी
२६ जुलै २०२५

शाल्मली अक्कांना,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं असतं तर चुलीत घातलं असतं.

कायम ठेवून घेऊ म्हणजे काय? आत्ती म्हणजे फर्निचर आहे काय, डोळ्याच्या निमित्तानं नेलं आणि शोभतंय म्हणून ठेवलं? ती माझ्या सख्ख्या बापाची बहीण आहे. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, मग सून करून घेतली. तुम्ही गणपतीला दोन दिवस येता, तिच्याबरोबर फोटो काढता आणि जाता. तिच्या पायाला तेल कुणी लावलं, तिला न ऐकू आलेलं कुणी पुन्हा सांगितलं, ते विचारा तिलाच. घर तुमच्याकडं, फ्लॅट तुमच्याकडं, इंग्रजी तुमच्याकडं. एक म्हातारी माझ्याकडं होती, तीही बघवली नाही.

आता ऐका. तुम्ही ज्याला ध्यान म्हणता ती मशेरी आहे. भाजलेला तंबाखू. वखारीतल्या सगळ्या बायका लावायच्या, आत्ती साठ वर्षं लावते. तोंड मिटून बसते कारण तोंडात ती असते. हात वर करते कारण बोललं तर सांडेल. पाठ करून बसते कारण तुम्हाला दिसू नये. आणि चूळ भरते ती कशासाठी, ते आता कळलं असेल. तुम्ही शेजारी चटई टाकून श्वास घेत होता आणि ती तंबाखूची थुंकी गिळत होती. विश्वास बसत नसला तर युटिलिटीत तांदळाच्या पिंपामागं हात घाला. पुड्या मीच पाठवते, चटणीच्या डब्याखाली.

मीही लावते. आम्ही दोघी मिळून लावायचो, ते आमचं होतं. त्यात तुमचं काही नव्हतं आणि नाही. विलासदादाला सांगायचं तर सांगा. तो चिडेल, आत्तीला बोलेल, मग ती रागानं निघून माझ्याकडं येईल. मला चालेल.

चटणीचं म्हणाल तर माझ्या हाताला हल्ली तिखटाचा अंदाज राहिलेला नाही.

रंजिता

---

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
९ ऑगस्ट २०२५

प्रिय रंजिता,

तुझं पत्र वाचून मी तडक युटिलिटीत गेले आणि पिंपामागे हात घातला. पुड्या होत्या. वर्तमानपत्रात बांधलेल्या, तुझ्या दोऱ्यानं. पण एकही उघडलेली नव्हती. एक अर्धी डबी होती तेवढीच, आणि तिलाही वर बुरशी धरलेली.

आई दारात उभ्या होत्या. मी इतकी संतापले होते की त्यांना पहिल्यांदाच "तू" म्हणाले. म्हटलं, तू मला एवढी मूर्ख समजतेस? महिनाभर मी तुझ्याशेजारी बसतेय आणि तू मला बनवतेस? त्या शांतपणे स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी सोडली. तू बसायला लागलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी."

मला वाटलं, माझ्यासाठी. खरं सांगते, रागातसुद्धा मला एक क्षण असा आनंद झाला की तुला लगेच लिहावंसं वाटलं, तुझ्याकडे इतकी वर्षं सुटली नाही आणि माझ्या शेजारी बसून सुटली. म्हणून मी विचारलं, "माझ्यासाठी सोडलीत?" आणि तुझी आत्ती, जिला खोटं बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं, मला म्हणाली, "न्हाई गं. रंजीच्या गालात पांढरं आलंय. मी लावत ऱ्हायले आणि तिला सोड म्हटलं तर ती ऐकंल काय?"

ते हात धरणं, ती थरथर, ते डोळ्यांतलं पाणी, ती तलफ होती, रंजिता. साठ वर्षांची सवय अंगातून निघत होती आणि धरायला कुणाचा तरी हात हवा होता. मी शेजारी होते, म्हणून माझा. मी त्याला माया समजून तुला ऐटीत कळवलं. त्या माझा हात धरून तुझा विचार करत होत्या.

हे सगळं मला आठवडाभरापूर्वीच कळलंय. लगेच लिहायला हवं होतं. विलासलाही सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मनात म्हटलं, तिची आत्ती आहे ना, बघून घेतील दोघी. इतकी जळत होते मी तुझ्यावर. गालात पांढरा डाग पडलेल्या बाईवर. काल सकाळी डोळे मिटून बसले आणि नुसती लाज वाटत राहिली, म्हणून रात्री विलासला सगळं सांगितलं आणि आज हे लिहितेय.

आणखी एक गोष्ट लपवली होती, तुला बरं वाटेल म्हणून. माझी नोकरी गेली. जूनच्या शेवटीच. तुला ते फुशारकीचं पत्र लिहिलं तेव्हा मी घरीच होते आणि रोज लॅपटॉप उघडून कामाच्या जागा शोधत होते. आई सोडून इथं कुणालाच माहीत नव्हतं. ज्या दिवशी काढलं त्या सकाळी आम्ही बसलो होतो. नंतर कॉल आला, पाच मिनिटांत संपला. पूर्वीची मी असते तर काय केलं असतं माहीत नाही. त्या दिवशी मी भात लावला. बसण्याचा एवढा उपयोग मला झाला, मग ते मशेरीपायी का सुरू झालं असेना.

आता भांडू नकोस. इथल्या तोंडाच्या डॉक्टरांची पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय. महांतेशला विलास सगळं सांगेल, ओरडणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. रविवारी रात्री गुंडूच्या गाडीनं निघ म्हणजे सकाळी उतरशील. तपासणी होईपर्यंत इथं राहा. जाताना आईंना घेऊन जा. हे विलासचं नाही, माझं म्हणणं आहे. मला त्या हव्या आहेत, पण त्या तुझ्या आहेत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

शाल्मली

---

निपाणी
१३ ऑगस्ट

अक्का,

रविवारी निघते. आत्तीला आधी सांगू नका, ती झोपणार नाही.

डबी आणत नाही. ती इथं परसात पुरली. दोन तासांनी जाऊन उकरून बघितली, मग पुन्हा पुरली. हे कुणाला सांगू नका.

भीती वाटते.

रंजिता

---

निपाणी
५ ऑक्टोबर २०२५

शाल्मली अक्कांना नमस्कार.

कालच्या तपासणीचं आधी सांगते, नाहीतर तुम्ही पत्राच्या शेवटी उडी माराल. बेंगळुरूला गालाचा तुकडा काढून तपासला तेव्हा जे सांगितलं तेच इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर नाही. पण त्याच्या वाटेवरचं आहे. मशेरी सोडली तर डाग जाऊ शकतो, पुन्हा धरली तर काही सांगता येत नाही. काल म्हणाले, कडा थोड्या फिक्या झाल्यात. दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

तुमच्याकडं असताना मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुकडा काढला त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर बसून होता आणि आत्ती माझ्याजवळ होती, तेव्हा मला वाटलं, आता ही बाई जळत असेल. बाहेर आले तर तुम्ही पातळ पेज करून आणली होती, थंड करून. ती मी तळापर्यंत प्याले.

सोडणं सोपं नाही, अक्का. ब्लाऊजवाली बाई दारात आली की बोट आपोआप दाताकडं जातं. ह्यांचा आवाज चढला की पाय परसाकडं वळतात. हे बिचारे हल्ली आवाज चढवायच्या आधी स्वतःच परसात जातात. डॉक्टरांनी बडीशेप चघळायला सांगितलीय, पण तिनं काही डोकं शांत होत नाही.

म्हणून आत्ती म्हणाली, सकाळी पायरीवर बस, माझ्याशेजारी, मोकळ्या तोंडानं. बसले. डोळे मिटले की डबी दिसते. उघडले तर जिथं पुरली ती जागा दिसते. पाच मिनिटांत उठले. तर आत्ती म्हणते, "थोरलीचं पण हात कापायचं. नोकरी गेली तरी बसली. उठली न्हाई." दुसऱ्या दिवशी मी चुळबुळ केली, तर म्हणते, "थोरली कशी ताठ बसायची." तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आत्ती, तुझ्या थोरलीचं नाव पुन्हा काढलंस तर मी डबी उकरून काढीन. ती हसली आणि म्हणाली, "काढ की. थोरलीनं नसती काढली."

मला असा राग आला म्हणून सांगू. सख्खी भाची मी, पायाला तेल लावणारी मी, आणि माझ्या परसात, माझ्या पायरीवर, माझ्या शेजारी बसून ही म्हातारी सकाळी सकाळी तुमचं कौतुक करते. मी दात आवळले, डोळे मिटले आणि म्हटलं, ती पुण्याची अर्धा तास बसते काय, बघते. दूधवाला आला, हाका मारून गेला, ऊन पायरीवर आलं, तरी मी उठले नाही. उठले तेव्हा आत्ती कधीची आत जाऊन चहा करत होती. त्या दिवशी दुपारपर्यंत मला मशेरीची आठवण झाली नाही.

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. शांत होऊन बसणं मला जमत नाही, अक्का. तुम्हाला जमतं. मी तुमच्यावर जळत बसते, आणि तेवढ्यात सकाळ निघून जाते.

तुमची नवी नोकरी लागली असं विलासदादा म्हणाला. पगार आधीपेक्षा कमी असला तरी ते तुम्ही आत्तीला स्वतः कळवा. ध्रुवच्या परीक्षेचंही कळवा, तलावाला किती फेऱ्या मारता तेही. ती सकाळी मला ऐकवते. कळवत राहा, मला बसायला ते लागतं.

रंजिता